सख्खी लेन्स आणि मावस लेन्स

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. एरवी आपण हा शब्द सवयीने लिहितो, या वेळी तो शब्दशः घे, कारण तुझं पार्सल आल्यापासून माझा बराचसा वेळ स्टुडिओच्या फरशीवर पालथं पडून अडॅप्टरचा तिळाएवढा स्क्रू शोधण्यात गेला आहे. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? साखर आटोक्यात आहे ना? (सल्ले देण्याचं कसं काय चाललंय हे विचारत नाही. ते आटोक्यात येण्याजोगं दुखणं नाही, हे तुझ्या घरच्या डॉक्टरांनीही मान्य केलं असेल.) आम्ही इकडे ठीक आहोत. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, पाठ दुखते. गेला महिनाभर, म्हणजे मी नवा कॅमेरा घेतल्यापासून, ती माझ्याकडे पाठ करून बसते, त्यामुळे आखडली असावी असा माझा अंदाज आहे. बाकी या पत्रात आई म्हणजे माझी आई आणि मावशी म्हणजे तुझी आई, हे आधीच लिहून ठेवतो. या दोघींच्या बाबतीत जरासा घोळ झाला की त्याची किंमत किती वर्षं मोजावी लागते, हे आपल्या दोघांना चांगलं ठाऊक आहे.

तर तुझ्या लेन्स पोचल्या. आभारही मानतो, म्हणजे ते एकदाचं उरकलं. तुला आठवत असेल (तुला स्वतःचं बोलणं नेहमीच आठवतं), मी हा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ज्याला तू दर वाक्यात दोनदा ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणतोस, तो घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्याबरोबर त्याची स्वतःची लेन्सही घ्यायला निघालो होतो. मी आपला साधा माणूस. पासपोर्टचे फोटो, ऑफिसच्या ओळखपत्रांचे फोटो आणि संचालक मंडळाच्या खोलीत टांगायचे गंभीर चेहरे, यांवर माझं पोट चालतं. कॅमेरा ज्याचा, लेन्स त्याची, इतकी माझी साधी समजूत होती. तेव्हा तुझा फोन आला. चौतीस वर्षं पाण्याचे पंप बसवून निवृत्त झालेला आणि त्यानंतर बाल्कनीतल्या फुलांचे फोटो काढून प्रकाशविद्येत पारंगत झालेला माणूस म्हणून तुझा शब्द मी मोडू शकत नव्हतो. तू म्हणालास की कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स ज्यांच्या हातात कला नाही त्यांच्यासाठी असते. खऱ्या माणसाने जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स घ्याव्यात, मध्ये अडॅप्टरची कडी बसवावी आणि हाताने फोकस करावा. त्या काचेत जीव असतो, म्हणालास. जीव होता, हे मान्य. एका लेन्सच्या आत बुरशी निघाली.

हिने पहिल्याच दिवशी दोन्ही प्रकारांना नावं ठेवली (हा शब्दप्रयोग दोन्ही अर्थांनी घे). कॅमेऱ्याच्या कंपनीची ती सख्खी लेन्स आणि तू पाठवलेल्या त्या मावस लेन्स. मावस लेन्स तीन. तिन्ही आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेल्या, तिन्हींना जुन्या कपाटाचा वास. अडॅप्टर कॅमेऱ्यावर बसला तो छान, निघेना मात्र. मी ओढला, पिळला, तुला फोन केला. तू त्याच्या धातूचा इतिहास सांगितलास. अखेर हिने भांडी घासायचा रबरी हातमोजा घातला, बरणीचं झाकण उघडावं तसा तो एका हिसक्यात काढला आणि पुन्हा पाठ फिरवली. तो तिळाएवढा स्क्रू त्याच वेळी उडाला.

पहिला प्रयोग दातांच्या डॉक्टरांवर झाला. त्यांना दवाखान्यातल्या सगळ्या लोकांचा एक रुबाबदार फोटो हवा होता, स्वागतकक्षात लावायला. सहा माणसं एका रांगेत उभी केली. मी तुझी सर्वांत लाडकी, छोट्या कॅमेऱ्याची लेन्स लावली आणि फ्लॅश जोडला. फ्लॅश उडेना. वायर बदलली, बॅटरी बदलली, फ्लॅशला चुचकारलं. तुला फोन लावला तेव्हा तू इतक्या सहज सांगितलंस की जणू ही गोष्ट सगळ्या जगाला माहीतच आहे: या कॅमेऱ्याच्या पोटात शटरच नाही. शटर त्याच्या सख्ख्या लेन्सच्या आत असतं. परकी लेन्स लावली की कॅमेरा सगळं चित्र वरून खाली ओळीओळीने वाचत जातो, आरामात, सेकंदाचा तिसरा हिस्सा घेऊन, आणि अशा वाचनात फ्लॅश चालत नाही. (पार्सलमध्ये तू चार पानांची चिठ्ठी घातली होतीस. त्यात काचेवरच्या लेपावर दीड पान होतं. शटर नसल्याबद्दल एक ओळही नव्हती.) मग ट्यूबलाइटच्या उजेडात काढला फोटो. ट्यूबलाइट आपल्याला दिसत नाही अशी लुकलुकत असते आणि ओळीओळीने वाचणाऱ्या कॅमेऱ्याला ती नेमकी दिसते. सहाही माणसांवर आडवे पट्टे आले, कपाळ उजळ, नाक काळं, हनुवटी उजळ. शिवाय छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा उजेड मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे चारही कोपरे काळे. रांगेच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघी त्या काळोखात गडप झाल्या. डॉक्टरांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि आपल्या दोघी नर्स कुठे गेल्या असं शांतपणे विचारलं. तुला कळवलं, तर तू म्हणालास, कडा काप. कडा कापल्या. आता दवाखान्यात चारच माणसं काम करतात.

दुसरा प्रयोग ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा. त्याला पाटीसाठी धावत्या गाडीचा फोटो हवा होता. गाडी माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे गेली आणि कॅमेऱ्याने ती वरून खाली वाचली, त्यामुळे टप वाचून होईपर्यंत चाकं पुढे निघून गेली होती. फोटोत गाडी मागे रेललेली आणि चाकं अंड्यासारखी. त्याने पाहून एवढंच म्हटलं की आमच्याकडे शिकलेल्यांच्या गाड्यांचं पुढे काय होतं ते दाखवायची इतकी घाई नव्हती. हे काम गेलं. तुझं त्यावर म्हणणं असं पडलं की त्याला कलादृष्टी नाही.

इथपर्यंत मी सगळं हसण्यावारी नेलं असतं, दादा. पण मग मावशीचा फोन आला.

तू तिला पुढच्या महिन्यात कायमची तुझ्याकडे नेणार आहेस. तिचं घर रिकामं होत चाललंय, खोक्यांवर खोकी चढली आहेत, भिंतींवर फ्रेमांचे चौकोनी डाग उरले आहेत. फोनवर तिने आधी मला खोकी बांधायची चिकटपट्टी कुठे चांगली मिळते ते विचारलं. मग दोरी विचारली. मग म्हणाली, “जायच्या आधी आम्हा दोघींचा एक फोटो काढ. तिला म्हणावं, बोलायची गरज नाही.”

आता मधली हकिकत तुला माहीत आहे, पण तुझ्या माहितीत फक्त तुझ्या आईची बाजू आहे, म्हणून दोन्ही लिहितो. आजीचा साऱ्या जन्मातला एकच फोटो होता. तो आईकडे असायचा. नऊ वर्षांपूर्वी मावशीने तो डाग काढून स्वच्छ करायला म्हणून मागून नेला आणि एका दुकानात दिला. दुकानदाराने परत दिलं ते चित्र गोरंपान, गुळगुळीत, ओठांना रंग लावलेलं, कुणा भलत्याच बाईचं. मूळ फोटो हरवला. आई मावशीला म्हणाली की तू माझी आई हरवलीस. मावशी म्हणाली की ती माझीही होती. त्यानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. राहत होत्या पंधरा मिनिटांच्या अंतरावर. एकाच दुकानातून भाजी घ्यायच्या, आणि कोण कधी जाणार याच्या वेळा भाजीवाली सांभाळायची.

मी आईला विचारलं. ती चष्मा पुसत होती. तिने दोन्ही काचा पुसल्या, मग ज्या पुसल्या होत्या त्याच पुन्हा पुसल्या आणि म्हणाली की मी कुठे नाही म्हटलंय, फोटोत बोलता येत नाही, तेव्हा चालेल.

मी या फोटोसाठी तुझी तिसरी लेन्स काढली, ती मोठी, जुन्या पेटीसारख्या कॅमेऱ्याची. तिचा उजेड सगळ्या सेन्सरभर पोचतो, कोपरे काळे पडत नाहीत. स्टुडिओच्या खिडकीशी दोन खुर्च्या मांडल्या. मावशी आली, खिडकीकडे बघत बसली. आई आली, भिंतीकडे बघत बसली. मी मध्ये कॅमेऱ्यामागे, दोन देशांच्या सरहद्दीवरच्या शिपायासारखा. (हिने दोघींना चहा दिला आणि आत निघून गेली. तिला माझ्या धंद्यातलं काही कळत नाही असं मी म्हणत आलो, पण कुठून कधी निघून जावं हे तिला माझ्याहून जास्त कळतं.)

आता त्या लेन्सचा गुण ऐक. तिचा फोकस एका बोटाएवढा पातळ. मावशीच्या डोळ्यांवर नेमका लावला की आई धूसर, आईवर लावला की मावशी धूसर. फोकस लावताना कॅमेऱ्यामागचा पडदा मी दोघींना वळवून दाखवत होतो. धूसर दिसणारी दरवेळी माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिचं नाव मृत्युपत्रातून कापलंय. लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र बारीक केलं तेव्हा दोघी स्पष्ट आल्या, पण उजेड कमी पडायला लागला. वर आणखी एक भानगड. परकी लेन्स असताना कॅमेरा आवाजच करत नाही. ‘टक’ नाही, काही नाही. समोर बसलेल्याला फोटो निघाला की नाही कळणार कसं? त्यामुळे आई दरवेळी नेमकी मध्येच “झालं का?” असं मान वळवून विचारायची, आणि ती हलली का हे बघायला मावशी वळायची, आणि कॅमेरा आपला वरून खाली सावकाश वाचत असायचा. एकूण सत्तावीस फोटो. ते संगणकावर लावले तेव्हा एकात आईचं कपाळ खिडकीकडे आणि हनुवटी दरवाजाकडे होती. दुसऱ्यात मावशीचं नाक गालाच्या मध्यावरून निघून ओठांपर्यंत वळण घेत गेलं होतं, घाटातल्या रस्त्यासारखं.

आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. मावशी दुसऱ्या बाजूला. आईने पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “ताई, तुझं नाक बघ.”

दादा, ‘ताई’ हा शब्द मी नऊ वर्षांनी ऐकला. मी माउसवरचा हात हलवला नाही. मावशीने पडद्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली की आधी स्वतःची हनुवटी बघ, ती कुठे चालली आहे ती. आई हसली नाही, पण नाकातून एक आवाज काढला. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. पुढची दहा मिनिटं मी कुठल्या शाळेत शिकलो, कॅमेरा घेण्यापूर्वी कुणाला विचारलं आणि लहानपणी मी कसं घड्याळ उघडून ठेवलं होतं, या विषयांवर त्या आलटून पालटून बोलल्या. माझ्याशीच बोलत होत्या, एकमेकींशी नाही, पण एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. सगळे फोटो वाया गेले, पुन्हा बसावं लागेल, असं मी जाहीर केलं. दोघींनी नाइलाजाचं तोंड केलं आणि मावशी गाडी बोलावून निघून गेली.

तुला फोन केला. फोनवर तू काय म्हणालास ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. तू म्हणालास, “जिवंत माणसांसाठी त्या लेन्स वापरायच्याच नसतात रे.” एवढं बोलून तू सुरक्षित विषयाकडे, म्हणजे फुलांकडे वळलास. तीन आठवडे मी दातांचे डॉक्टर, ड्रायव्हिंग स्कूल आणि दोन म्हाताऱ्या बहिणी यांच्यावर ज्या काचा रोखून बसलो होतो, त्या मेलेल्या माणसांसाठी होत्या, हे तू मला टॉवेलावर तरी लिहून कळवायला हवं होतंस.

मग मी सख्खी लेन्स मिळवली. विकत नाही, एका दुपारपुरती उसनी. बूटवाला म्हणून माझा एक व्यवसायबंधू आहे (बूट विकत नाही, कॅटलॉगसाठी बुटांचे फोटो काढतो आणि वर्षानुवर्षं काढतो, त्यामुळे माणूस भेटला की आधी पायांकडे बघतो). त्याने ती मला अशी दिली की जणू तान्हं मूल दत्तक देतोय. तिच्यावर श्वास सोडायचा नाही, तिला उन्हात धरायचं नाही, तिचं झाकण खिशात ठेवायचं नाही. मी ती लावली आणि, दादा, माझा अपमान झाला. डोळा कुठे आहे हे ती स्वतःच शोधते. फोकस ती लावते. शटर तिच्या पोटात, त्यामुळे फ्लॅश निमूट उडतो. बटण दाबलं की ‘टिक’ असा छोटा, सभ्य आवाज होतो, आणि बसणाऱ्याला कळतं की आपलं काम झालं. एवढं सगळं तीच करणार असेल तर माझं काम उरलं काय? खुर्च्या मांडणं.

चार दिवसांनी खुर्च्या मांडल्या. या वेळी दोघी वेळेवर आल्या, खरं तर पाच मिनिटं आधीच आल्या. तुझ्या मावस लेन्सची विटंबना झाली होती, त्याचा पुढचा अंक चुकवायचा नव्हता. दोन मिनिटांत तीन फोटो काढले. नाक नाकाच्या जागी, हनुवटी हनुवटीच्या जागी. मोठ्या अभिमानाने पडद्यावर लावले.

मावशीने विचारलं, ही कोण बाई.

सख्ख्या लेन्सचा हाच दोष. तिला सगळं दिसतं आणि ती सगळं सांगते. प्रत्येक सुरकुती, मावशीच्या भुवईतला एकुलता एक काळा केस, आईच्या गालावरचा डाग, जो मलाही आजवर माहीत नव्हता. आईने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. इतकं खरं याला कुणी विचारलं होतं, असं ती मावशीकडे बघून म्हणाली. मावशीने मान हलवली. या यंत्राला बोलायचं वळण नाही यावर दोघींचं एकमत झालं. दोघी परत जाऊन खुर्च्यांवर बसल्या आणि फोटो कसा असायला हवा हे मला समजावून सांगू लागल्या. मी बटणावर बोट ठेवून ऐकत होतो.

मावशी म्हणाली, “आईच्या फोटोत कसं, नजर जरा खाली होती.”

नऊ वर्षं त्या फोटोचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं. मावशीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती आपल्या हातांकडे बघायला लागली.

आई म्हणाली, “खाली नव्हती. खिडकीकडे होती. उजवीकडे.”

“खिडकी डावीकडे होती.”

“आपल्या डावीकडे. तिच्या उजवीकडे.”

मावशीने डोळे मिटून विचार केला आणि हो म्हणाली. मग त्यांचं सुरू झालं. खुर्ची वेताची होती की लाकडी. मागे पडदा होता की भिंत. पायांत चपला होत्या का. (आईच्या मते होत्या, मावशीच्या मते काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि त्या फोटोत अर्ध्याच आल्या होत्या. यावर बराच वेळ गेला.) फोटो नव्हता, पण तो दोघींना पाठ होता, फक्त दोघींना वेगवेगळा. मावशीने आजीचे हात कसे होते ते मांडीवर ठेवून दाखवले. आई म्हणाली, “असे नाही, ताई.” वाकली, मावशीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि डावा हात वर आणून ठेवला.

मी बटण दाबलं. टिक. दोघींनी वरही पाहिलं नाही.

हात तसेच होते. मावशी हळूच म्हणाली, “मी त्या दुकानात सहा वेळा गेले होते. त्याच्या कपाटातला एकेक कागद काढून बघितला.”

“मला हे सांगितलं नाहीस.”

“सांगायला आले होते. तू दार उघडलं नाहीस.”

आईने मावशीच्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “उघडलं असतं. दुसऱ्यांदा बेल वाजवायची होतीस.”

यापुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण त्याच सुमारास सख्ख्या लेन्सवर काही धूळ आहे का ते बघायला मला आतल्या खोलीत जावं लागलं. तिथे ही उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पाठ न करता, आणि आपला रुमाल मला दिला. लेन्स त्याने पुसायची नसते हे मी तिला सांगितलं नाही.

फोटो सोबत पाठवला आहे. दोघी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, संचालक मंडळाच्या खोलीत हा चालला नसता. पण मावशीचे हात बघ आणि आईचे बघ, एकेक शीर दिसते. एकेक प्रत दोघींकडे आहे. आता इतकं खरं कसं काय चालतं, असं मी आईला विचारलं, तर हात खरेच असावेत म्हणाली. तुझ्या लेन्सने हाच क्षण टिपला असता तर आईला चौदा बोटं आली असती, हे तुझ्या वहीत टिपून ठेव. रोज सकाळी दोघींचा फोनवर अर्धा तास जातो. विषय मी. भाजीवालीने वेळा सांभाळणं सोडलं आहे, तिला मोकळं मोकळं वाटत असावं.

तेव्हा, दादा, तुझ्या अनुभवाचा, ज्ञानाचा आणि टॉवेलांचा पूर्ण आदर राखून कळवतो की यापुढे मला काचा पाठवू नयेस. गुडघ्याला जप. वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांना म्हणावं, बाल्कनीतल्या फुलांबद्दल मला सहानुभूती आहे.

तुझा,
(सल्ल्यांतून नुकताच उठून बसलेला)
मावसभाऊ

ता. क. पहिल्या दिवशीचे सत्तावीसही फोटो वाया गेले, असं वर लिहिलं आहे. ते तितकंसं खरं नाही. एकोणिसावा फोटो चांगला होता. चांगला म्हणजे अगदी उत्तम. दोघी स्थिर, डोळे नेमके, आणि खिडकीचा उजेड चेहऱ्यांवर असा मऊ उतरला होता की तुझी काच थोर आहे हे मी (एकदाच, लेखी) कबूल करतो. पण त्यात दोघी बँकेच्या रांगेत शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी बायकांसारख्या होत्या. नाक आणि हनुवटीवरून त्यांचं चाललं होतं तेव्हा पुढचा नंबर त्याचाच होता. तो दाखवला असता तर दोघी ‘झालं तर मग’ म्हणून आपापल्या घरी गेल्या असत्या. मी तो न दाखवता पुढे गेलो आणि सगळे वाया गेले म्हणालो. तो आजवर कुणी पाहिलेला नाही, हिनेसुद्धा. तूही कुणाला सांगू नकोस. आणि ती तिसरी लेन्स मी ठेवून घेतो आहे, परत मागू नकोस.

आणखी एक ता. क. मूळ पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण हात त्याकडे वळत नव्हता. पुढच्या महिन्यात मावशी एकटी येणार नाही. आईही येते आहे. किती दिवसांसाठी, ते विचारलं तर बघू म्हणाली, आणि तिने गरम कपड्यांची पेटी काढून उन्हात ठेवली आहे. घर बदललं की ताईला झोप लागत नाही, कुणीतरी लागतं, एवढंच तिचं कारण आहे. हिने आतापासूनच माझ्याकडे पाठ करणं बंद केलंय. घरात आम्ही दोघंच उरणार, असं केल्याने भागणार नाही म्हणते. तर मावशीच्या खोलीत दुसरी खाट टाक. आईला सकाळी डोळ्यांवर उजेड आलेला चालत नाही, तिची खाट भिंतीकडे घे. दोन खाटांमध्ये हातभर जागा सोड, हात पोचेल एवढीच. ही जागा किती असावी ते त्या दोघींनी फोनवर आपसांत ठरवलं, मला फक्त तुला कळवायला सांगितलं आहे.